संख्याप्रकार रूपांतर

एका आज्ञावली भाषेत साठविलेली संख्या दुसऱ्या आज्ञावली भाषेत वापरता यावी म्हणून तिच्या मांडणीत करावा लागणारा बदल. संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या सुसंगत संचाला आज्ञावली म्हणतात व ती ज्या भाषेत लिहितात तिला आज्ञावली भाषा म्हणतात. फोर्ट्रान, कोबोल, सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट इ. अशा भाषा होत. संख्या साठविण्यासाठी प्रत्येक भाषा काही ठराविक साचे ठरवून देते. संख्येला किती जागा द्यावयाची, तिचे चिन्ह कसे दर्शवावयाचे, दशांश भाग ठेवावयाचा की नाही, या गोष्टी साच्यावरून ठरतात. या साच्यांना संख्याप्रकार असे म्हणतात. दोन भाषांतील साचे नावाने सारखे असले, तरी आतून सारखे असतातच असे नाही.

मोठे काम सहसा एकाच भाषेत पुरे होत नाही. उदा., एखाद्या कार्यालयाच्या अर्जातील आकडे पडद्यावर जावास्क्रिप्टमध्ये भरले जातात, मध्यवर्ती संगणकावर जावामध्ये तपासले जातात, माहितीसाठ्यात एसक्यूएल या भाषेच्या प्रकारात साठविले जातात आणि आकडेमोडीसाठी सी किंवा फोर्ट्रानमधील जुन्या फलनांकडे पाठविले जातात. अशा प्रवासात एकच संख्या तीन-चार सीमा ओलांडते. प्रत्येक सीमेवर तिचे मूल्य कायम राहावे, ही रूपांतराकडून मुख्य अपेक्षा असते. मूल्य कायम राखणे शक्य नसेल, तर ते बदलत आहे हे आज्ञावलीला कळावे, ही किमान अपेक्षा होय. बहुतेक दोष ही दुसरी अपेक्षा पुरी न झाल्यामुळे उद्भवतात. कारण चुकलेले रूपांतर पुष्कळदा कोणतीही सूचना न देता पार पडते आणि हाती आलेली संख्या वरवर पाहता योग्यच वाटते.

संख्या आणि तिची मांडणी यांतील भेद संगणकापूर्वीच्या व्यवहारातही आढळतो. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, तेव्हा रुपयाचे १६ आणे ही मांडणी जाऊन १०० नवे पैसे ही मांडणी आली. एका आण्याची खरी किंमत ६.२५ नवे पैसे होत असल्याने व्यवहारात ती ६ नवे पैसे धरली जाई. तीन आण्यांची किंमत १८.७५ नवे पैसे होत असल्याने ती १९ धरली जाई. म्हणजे तीन आणे एकदम दिल्यास १९ नवे पैसे होत, तर एक एक आणा तीन वेळा दिल्यास १८ नवे पैसेच होत. रूपांतर आधी करून मग बेरीज करावयाची, की बेरीज करून मग रूपांतर करावयाचे, यावर उत्तर अवलंबून असते. हेच तत्त्व संगणकातील संख्याप्रकारांनाही लागू पडते.

संख्याप्रकार : मुख्य संख्याप्रकार चार आहेत. (१) मर्यादित पूर्णांक : ८, १६, ३२ किंवा ६४ द्विमान अंकांत (बिटांत) साठविलेली पूर्ण संख्या. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते, तर ६४ बिटांच्या पूर्णांकाची ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ असते. (२) चल बिंदू म्हणजेच फ्लोटिंग पॉइंट संख्या : या प्रकारात संख्येचे महत्त्वाचे अंक आणि बिंदूचे स्थान दर्शविणारा घातांक वेगवेगळे साठवितात. त्यामुळे अतिशय मोठ्या व अतिशय लहान संख्या मांडता येतात. परंतु महत्त्वाच्या अंकांची संख्या मर्यादित असते. एकेरी परिशुद्धतेच्या ३२ बिटी संख्येत सु. ७ दशमान अंक, तर दुहेरी परिशुद्धतेच्या ६४ बिटी संख्येत सु. १५ ते १६ दशमान अंक विश्वासार्ह असतात. (३) दशमान संख्या : दशांश भाग दहाच्याच पटीत साठविणारा प्रकार. पैशांच्या हिशेबास हा सोयीचा असून कोबोलमध्ये त्याला प्रथमपासून महत्त्वाचे स्थान आहे. (४) अमर्याद पूर्णांक : पायथनमधील पूर्णांकाप्रमाणे संगणकाची स्मृती पुरेल तितका वाढणारा प्रकार.

इतिहास : पहिल्या पिढीतील संगणकांत संख्येचा आकार भाषेऐवजी यंत्रच ठरवीत असे. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधण्यात आलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या स्मृतीतील प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आलेल्या मिन्स्क-२ या सोव्हिएट संगणकाचा शब्द ३७ बिटांचा, तर त्यानंतर तेथेच आलेल्या ईसी-१०३० चा शब्द ३२ बिटांचा होता. अशा रीतीने एकाच शहरात काही वर्षांच्या अंतराने चार भिन्न आकारांचे शब्द वापरात होते. यंत्र नवे असले म्हणजे त्याचा शब्द मोठा असतोच असे नव्हते. ३७ बिटांत मावणारा पूर्णांक नंतर आलेल्या ३२ बिटी यंत्राच्या शब्दात मावेल, अशी खात्री नव्हती.

ऋण संख्या दर्शविण्याच्या रीतीही वेगवेगळ्या होत्या. सीडीसी ३६०० मध्ये प्रत्येक बिट उलटा करून ऋण संख्या मिळविली जाई; या रीतीत धन शून्य व ऋण शून्य अशी दोन शून्ये संभवतात. ईसी-१०३० हा आयबीएम ३६० च्या धर्तीचा असून त्यात बिट उलटे करून एक मिळविण्याची, म्हणजे दोनच्या पूरकाची, रीत होती आणि शून्य एकच होते. त्यातील चल बिंदू संख्येचा पाया २ ऐवजी १६ होता. त्यामुळे एकेरी परिशुद्धतेच्या २४ बिटांपैकी काही वेळा तीन बिट वाया जाऊन २१ च उपयोगी पडत. एका यंत्रावरील फोर्ट्रान आज्ञावली दुसऱ्यावर तशीच चालविली, तरी शेवटचे काही अंक बदलत ते यामुळे.

१९८५ मध्ये आयट्रिपलई ७५४ हे चल बिंदू अंकगणिताचे मानक प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये त्यात दशमान प्रकारांची भर पडली. या मानकामुळे यंत्रांतील तफावत पुष्कळ कमी झाली आणि प्रश्नाचे केंद्र यंत्रांकडून भाषांकडे सरकले [→ संगणक].

पूर्णांकांचे रूपांतर : लहान साच्यातील पूर्णांक मोठ्या साच्यात नेताना मूल्य बदलत नाही, याला विस्तारक रूपांतर म्हणता येईल. मोठ्या साच्यातून लहान साच्यात नेताना मात्र संख्या न मावण्याचा संभव असतो. हे संकोचक रूपांतर होय. अशा वेळी काय घडावे याविषयी भाषांचे नियम वेगवेगळे आहेत. जावामध्ये ६४ बिटी पूर्णांकाचे ३२ बिटांत रूपांतर करताना वरचे ३२ बिट टाकून दिले जातात. त्यामुळे २ चा ३२ वा घात अधिक ५, म्हणजे ४,२९,४९,६७,३०१, या संख्येचे केवळ ५ उरतात. त्याच भाषेत चल बिंदू संख्या पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर गेली, तर उत्तर कमाल मर्यादेवर थांबते. सी भाषेत या दुसऱ्या परिस्थितीत काय व्हावे हे मानकाने निश्चितच केलेले नाही. निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळी उत्तरे मिळू शकतात.

चिन्हाच्या बाबतीतही घोटाळा होतो. सी भाषेत चिन्हयुक्त आणि चिन्हरहित असे दोन्ही पूर्णांक आहेत. जावातील बाइट हा प्रकार मात्र चिन्हयुक्तच आहे व त्याची मर्यादा −१२८ ते १२७ अशी आहे. सी मध्ये चिन्हरहित बाइटात ठेवलेले २०० हे मूल्य जावामध्ये −५६ असे वाचले जाते. बिट तेच असतात. त्यांचा अर्थ लावण्याची रीत तेवढी बदललेली असते. सोळा बिटांत ठेवलेल्या ४०,००० या संख्येचे याच कारणाने −२५,५३६ होतात.

प्रकाराचे नाव एकच असले, तरी आकार भिन्न असू शकतो. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटी लिनक्स प्रणालीत आठ बाइटांचा, तर ६४ बिटी विंडोज प्रणालीत चार बाइटांचा असतो. जावातील ‘लाँग’ सर्वत्र आठ बाइटांचा असतो. याशिवाय बाइटांचा क्रमही यंत्रागणिक बदलतो. काही यंत्रे कमी किमतीचा बाइट आधी ठेवतात, तर काही जास्त किमतीचा. दोन बाइटांत ठेवलेला १ उलट क्रमाने वाचल्यास २५६ होतो.

पायथनमधील पूर्णांकाला मर्यादा नसल्याने त्या भाषेत काम करणाऱ्यास आकाराचा विसर पडणे स्वाभाविक असते. परंतु पायथनमधून सी भाषेतील फलनांना संख्या देताच मर्यादा पुन्हा लागू होते. पायथनचा अधिकृत सी जोडमार्ग न मावणारी संख्या नाकारून चूक कळवितो. याउलट सीटाइप्स या ग्रंथालयातील पूर्णांक प्रकार जास्तीचे बिट निमूटपणे टाकून देतो. शास्त्रीय आकडेमोडीत वापरल्या जाणाऱ्या नमपाय या ग्रंथालयातील संख्यासारणी पायथनमध्येच वापरली जात असली, तरी तिच्यातील पूर्णांक मर्यादित असतात. त्यांची बेरीज मर्यादेपलीकडे गेली, की ती ऋण बाजूकडून पुन्हा सुरू होते.

चल बिंदू व पूर्णांक : दुहेरी परिशुद्धतेच्या संख्येत ५३ बिट महत्त्वाच्या अंकांसाठी असतात. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, येथपर्यंतचे सर्व पूर्णांक तिच्यात अचूक मावतात; त्यापुढील काही पूर्णांक गळतात. जावास्क्रिप्टमधील नेहमीची संख्या याच प्रकारची आहे. म्हणून ज्या संख्येचे शेवटचे तीन अंक ९९३ आहेत अशी वरील संख्येच्या लगतची संख्या जावातून जावास्क्रिप्टमध्ये पाठविली, तर ती ९९२ अशीच वाचली जाते. या भाषेत २०२० च्या मानकाने अमर्याद पूर्णांकाचा स्वतंत्र प्रकार आला. तथापि दोन भाषांमध्ये माहिती नेण्यासाठी रूढ असलेल्या जेसन या मजकूरमांडणीत आलेला आकडा जावास्क्रिप्ट नेहमीच्या पद्धतीने दुहेरी परिशुद्धतेतच वाचते.

याचा दैनंदिन व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. भारतातील दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांक ३२ बिटी चिन्हयुक्त पूर्णांकात मावत नाही. बारा अंकी आधार क्रमांक दुहेरी परिशुद्धतेत सुरक्षित राहतो. बँकेतील खाते क्रमांक मात्र काही ठिकाणी १८ अंकांपर्यंत असतो. तो ६४ बिटी पूर्णांकात मावतो, पण चल बिंदू संख्येत त्याचे शेवटचे अंक बदलू शकतात. वस्तुतः असे क्रमांक म्हणजे संख्या नव्हेत. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. ती अंकांत लिहिलेली नावे होत आणि मजकूर म्हणूनच साठविणे योग्य ठरते. मुंबई-ठाण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२२ हा संख्या मानल्यास पहिले शून्य जाऊन २२ उरतात. आणि सी भाषेतील ज्या वाचन रीतीत आरंभीचे शून्य अष्टमान पद्धतीची खूण मानले जाते, तीत त्याचेच १८ होतात. कल्याणच्या ०२५१ चे त्याच रीतीने १६९ होतात.

दशांश भागाचे रूपांतर : दशमान पद्धतीत नेमका लिहिता येणारा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येतोच असे नाही. ०.१ ही अशी संख्या आहे. एक तृतीयांश जसा दशमान पद्धतीत न संपणारा असतो, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत न संपणारा असतो. त्यामुळे तो कोठे तरी तोडावाच लागतो. एकेरी परिशुद्धतेत ०.१ चे मूल्य सु. ०.१०००००००१५ असे साठते. हीच संख्या दुहेरी परिशुद्धतेत नेल्याने ती अधिक अचूक होत नाही. आधी शिरलेली चूक तशीच राहते. म्हणून सी मधील एकेरी ०.१ पायथनमध्ये आणून तेथील ०.१ शी ताडून पाहिल्यास दोन्ही समान भरत नाहीत.

दशांश भाग टाकून पूर्णांक करण्याच्याही अनेक रीती आहेत. सी, जावा व पायथन या तिन्ही भाषांत सरळ रूपांतर केल्यास दशांश भाग छाटला जातो. जवळचा पूर्णांक घ्यावयाचा असल्यास, नेमक्या अर्ध्यावर असलेल्या संख्येचे काय करावयाचे हा प्रश्न येतो. पायथन अशा वेळी जवळची सम संख्या घेते, म्हणून २.५ चे २ होतात. सी भाषेतील प्रचलित फलन ३ देते. −२.५ चे सी मध्ये −३, तर जावास्क्रिप्टमध्ये −२ होतात. पूर्णांकांचा भागाकारही असाच भिन्न आहे : −७ ला २ ने भागल्यास सी मध्ये −३, तर पायथनच्या पूर्णांक भागाकारात −४ मिळतात. एका भाषेतील हिशेब दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा उतरविला, की अशा ठिकाणी उत्तरे वेगळी येतात.

छाटणी व परिशुद्धता यांचा परिणाम एखाद्या स्थळाच्या नोंदीवरून स्पष्ट होतो. बाळकुम हे ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील, ठाणे–भिवंडी मार्गावरील मूळचे गाव सु. १९.२२° उ. अक्षांश व ७२.९९° पू. रेखांश यांवर आहे. हे आकडे पूर्णांक प्रकारात छाटले गेल्यास १९ व ७२ उरतात आणि बाळकुमचे स्थान मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात, मूळ जागेपासून सु. १०७ किमी. अंतरावर जाते. छाटणीऐवजी जवळचा पूर्णांक घेतल्यास १९ व ७३ मिळतात आणि तेच स्थान सु. २४ किमी. दक्षिणेस नवी मुंबईच्या परिसरात येते. दोन्ही रूपांतरे नियमानुसारच झालेली असतात.

एकेरी परिशुद्धतेत हा दोष इतका ढोबळ नसतो, म्हणूनच तो लवकर ध्यानात येत नाही. ७२.९९ च्या आसपास दोन लगतच्या एकेरी संख्यांमध्ये सु. ०.०००००७६ अंशाचे अंतर असते. बाळकुमच्या अक्षांशावर हे अंतर जमिनीवर सु. ०.८ मी. भरते. १९.२२ च्या आसपास ते ०.०००००१९ अंश, म्हणजे सु. ०.२१ मी. असते. बसथांबा दाखविण्यास एवढी परिशुद्धता पुरते. घराची भिंत किंवा शेताचा बांध दाखविण्यास ती अपुरी पडते. अंशाला एक कोटीने गुणून ३२ बिटी पूर्णांकात साठविण्याची रीतही वापरतात. पृथ्वीवरील कमाल रेखांश १८०° असल्याने असा पूर्णांक १,८०,००,००,००० च्या आत राहतो व ३२ बिटांत मावतो. शिवाय परिशुद्धता सु. १ सेंमी. मिळते. म्हणजे आकार तेवढाच ठेवून केवळ योग्य प्रकार निवडल्याने अचूकता वाढते.

मजकुराचे संख्येत रूपांतर : दोन भाषांमध्ये संख्या पुष्कळदा मजकुराच्या रूपाने पाठविली जाते. मराठीतील माहितीच्या बाबतीत या टप्प्यास विशेष महत्त्व आहे. युनिकोड या संकेतावलीत देवनागरी अंकांना रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या अंकांहून वेगळे संकेत आहेत. ‘४५’ हा मजकूर पायथन आणि जावा या भाषा पंचेचाळीस असा वाचतात. जावास्क्रिप्ट तो संख्या नसल्याचे दर्शविणारे मूल्य देते. सी भाषेतील जुनी व सर्वांत परिचित फलने मात्र शून्य हे उत्तर देतात आणि तक्रार करीत नाहीत. या चार भाषांपैकी सी मधील वागणूक सर्वांत घातक होय, कारण शून्य हेही वैध मूल्य आहे.

भारतीय पद्धतीच्या स्वल्पविरामांमुळेही असेच घडते. लाख-कोटींच्या गटांनुसार लिहिलेली १,६७,७७२.१७ ही रक्कम रोमन अंकांत लिहिली, तरी सी भाषेतील फलन पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून १ हे उत्तर देते. पायथन अशी रक्कम नाकारते.

महाराष्ट्रातील अधिकार अभिलेखाच्या, म्हणजे सातबाराच्या, उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने मध्ये बिंदू देऊन लिहिण्याची पद्धत आहे. ०.४०.५० याचा अर्थ शून्य हेक्टर, ४० आर व ५० चौ. मी., म्हणजे एकूण ४,०५० चौ. मी. असा होतो. या मांडणीत दोन बिंदू असून त्यांपैकी दुसरा दशांश चिन्ह म्हणून वाचता येत नाही. सुरुवातीचा ओळखू येणारा भाग तेवढा घेणारी सी व जावास्क्रिप्टमधील फलने रोमन अंकांत लिहिलेल्या अशा मजकुरातून ०.४० एवढेच उचलतात. तेवढ्यावर क्षेत्र ४,००० चौ. मी. होते. ५० चौ. मी. नाहीसे होतात आणि आज्ञावली पुढे चालू राहते. पायथन हा मजकूर नाकारते व काम थांबते. प्रथमदर्शनी पायथनमधील आज्ञावली सदोष वाटते. वास्तविक जमीनधारकाच्या दृष्टीने थांबलेली आज्ञावलीच हिताची होय. बाळकुमसारख्या शहरात सामावलेल्या गावी ५० चौ. मी. म्हणजे एका लहान घराची जागा होते. अशा मांडणीचे रूपांतर तिचे तीन भाग वेगळे करून, प्रत्येक भाग पूर्णांक म्हणून वाचून आणि एकूण चौरस मीटर काढूनच करावे लागते.

रिकामी जागा हाही असाच प्रश्न आहे. क्षेत्र नोंदविलेले नसणे आणि क्षेत्र शून्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहितीसाठ्यातील रिकामी नोंद जावामध्ये मूळ पूर्णांक प्रकारात मागविली, तर ० हे उत्तर मिळते. नोंद रिकामी होती काय, हे वेगळे विचारावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर केल्यास शून्यच मिळते.

पैशांचे हिशेब : रुपये चल बिंदू संख्येत ठेवून पैसे काढल्यास चुका होतात. १९.९९ ला १०० ने गुणले असता दुहेरी परिशुद्धतेत १,९९९ पेक्षा किंचित लहान संख्या मिळते. तिचे पूर्णांकात सरळ रूपांतर केल्यास १,९९८ उरतात व एक पैसा कमी पडतो. एकेरी परिशुद्धतेत तर १,६७,७७,२१७ पैसे, म्हणजे १,६७,७७२ रुपये १७ पैसे, ही रक्कम मुळात मांडताच येत नाही. म्हणून रक्कम पैशांत मोजून पूर्णांकात ठेवणे किंवा दशमान प्रकार वापरणे, या दोन रीती रूढ आहेत. जावा, पायथन व एसक्यूएल या तिन्हींत दशमान प्रकार उपलब्ध आहे. मात्र दशमान संख्या चल बिंदू संख्येवरून तयार केल्यास मूळची चूक तिच्यात उतरते. ती मजकुरावरून तयार करावी लागते.

मुंबई येथील राष्ट्रीय शेअर बाजारात (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) दलालांच्या आज्ञावली निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या असतात. त्या सर्वांना एकाच संदेशमांडणीतून बाजाराशी संपर्क साधावा लागतो. या मांडणीत समभागांचा भाव १०० ने गुणून पूर्णांक म्हणून पाठविला जातो. चलन विभागात रुपयाच्या भावाला दोनाहून अधिक दशांश स्थळे लागत असल्याने तेथील गुणक एक कोटी आहे. म्हणजे गुणक संख्येबरोबर जात नाही. तो उभय पक्षांना आधी माहीत असावा लागतो. एका विभागाचा गुणक दुसऱ्यास लावल्यास संख्या बिनचूक पोहोचूनही भाव लाख पटींनी चुकेल.

दुर्घटना : रूपांतरातील दोषांचे परिणाम काही वेळा अतिशय गंभीर झाले आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रिअट या क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही व २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. या प्रणालीत वेळ दशांश सेकंदांत पूर्णांक म्हणून मोजली जाई आणि २४ बिटांत तोडलेल्या ०.१ ने गुणून तिचे सेकंदांत रूपांतर केले जाई. प्रत्येक वेळची चूक सु. ०.००००००१ सेकंदापेक्षाही लहान होती. परंतु यंत्रणा सु. १०० तास अखंड चालू राहिल्याने ती साठून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर पार करते.

४ जून १९९६ रोजी एरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुरू झाल्यानंतर सु. ४० सेकंदांत तो नष्ट झाला. क्षितिजसमांतर वेगाशी निगडित असलेली ६४ बिटी चल बिंदू संख्या १६ बिटी चिन्हयुक्त पूर्णांकात मावली नाही, हे त्याचे तात्कालिक कारण होते. आज्ञावली एडा या भाषेत असून ती एरियान-४ वरून घेतलेली होती. जुन्या अग्निबाणाचा वेग कमी असल्याने ही संख्या तेथे मर्यादेबाहेर जात नसे. सात चलांपैकी चारांना संरक्षण देण्यात आले होते, उरलेल्या तिघांना मर्यादेचा धोका नाही असे गृहीत धरले होते. एडाने चूक ओळखली व कळविली. पण ती कळल्यावर काय करावयाचे याची योग्य तरतूद नव्हती. मुख्य व पर्यायी अशा दोन्ही यंत्रणांत तीच आज्ञावली असल्याने दोन्ही बंद पडल्या. चूक ओळखणे आवश्यक असले, तरी पुरेसे नसते, हे यावरून दिसून आले.

दक्षता : दोन भाषांमधील संख्यांची देवाणघेवाण करताना पुढील गोष्टी पाळणे हितावह ठरते. (१) सीमेवरील प्रत्येक संख्येचा आकार, चिन्ह, बाइटांचा क्रम, एकक व गुणक ही लेखी ठरवून घ्यावीत. भाषेतील प्रकारांच्या नावांवर विसंबू नये. सी भाषेत १९९९ च्या मानकाने दिलेले निश्चित आकाराचे पूर्णांक यासाठी उपयोगी पडतात. (२) संकोचक रूपांतरापूर्वी मर्यादा तपासावी. जावामध्ये न मावणारी संख्या नाकारणारी रूपांतर फलने आहेत, ती वापरावीत. (३) ओळख क्रमांक मजकूर म्हणून व रक्कम पूर्णांक किंवा दशमान प्रकारात न्यावी. (४) मजकूर वाचताना तो संपूर्णपणे वाचला गेला काय, हे पाहावे. अर्धवट वाचलेली संख्या ही चूकच मानावी. (५) जवळचा पूर्णांक घेण्याची रीत स्पष्टपणे नमूद करावी व ते काम शक्य तो शेवटी एकदाच करावे. (६) संख्या दुसऱ्या भाषेत पाठवून परत आणावी व ती मूळ संख्येशी जुळते काय हे पडताळावे. या पडताळणीसाठी नेहमीच्या संख्या पुरेशा नसतात. शून्य, ऋण संख्या, कमाल व किमान मर्यादा आणि त्यांच्या लगतच्या संख्या घ्याव्या लागतात.

हा प्रश्न जुन्या यंत्रांबरोबर संपलेला नाही. अनेक प्रणालींत १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद ३२ बिटी चिन्हयुक्त पूर्णांकात मोजतात. ही मर्यादा भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वा. ४४ मि. ७ से. या क्षणी गाठली जाईल. त्यानंतर अशा प्रणालींतील वेळ १९०१ सालापर्यंत मागे जाईल. नव्या प्रणालींत ही वेळ ६४ बिटांत मोजतात. परंतु दोन्ही प्रकारच्या प्रणाली एकमेकींना तारखा पाठवीत असेतोपर्यंत त्यांच्यामधील सीमेवर तपासणी करावी लागेल. दुसऱ्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात जागा व वेळ वाचविण्यासाठी संख्या मुद्दाम १६ किंवा ८ बिटांत संकुचित केल्या जातात. तेथे परिशुद्धतेचा ऱ्हास जाणूनबुजून आणि मोजून स्वीकारलेला असतो. संकोच स्वतः दोष नव्हे; तो कोणाच्याही नकळत घडणे हा दोष होय.